राखणदार

भाच्याने पुण्याहून आणलेला बेडूक रबराचा होता. आतून पोकळ, पोट पांढरे, पाठीवर हिरवे ठिपके, मागच्या पायांच्या जागी रबराच्याच झिरमिळ्या. दोन आकडे पाठीला चिकटून वर वळवलेले, त्यामुळे शेवाळावरून, पाणवेलींवरून ओढत आणला तरी तो कुठे अडकत नसे. माशाने जबडा मिटला की रबर दबायचे आणि आकडे उघडे पडायचे. मामाने तो तळहातावर घेतला, दोन बोटांनी दाबून पाहिला, आकड्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. "करणाऱ्यानं डोकं लावलं हाये," एवढे म्हणून त्याने तो परत दिला.

मामा भोई. गाव तापीकाठचे, चांगदेवच्या अलीकडे. मुलताईला उगम पावलेली तापी आणि वऱ्हाडातून काळी माती घेऊन आलेली पूर्णा इथे भेटतात, आणि दोघींचे पाणी खाली हतनूरच्या धरणात अडते. त्या 41 दरवाजांच्या धरणाचे नाव जळगाव जिल्ह्यात पावसाळाभर कानावर पडत असते: आज इतके दरवाजे उघडले, नदीकाठच्यांनी सावध राहावे. मामासारख्यांच्या लेखी मात्र धरण म्हणजे भिंत नव्हे, फुगवटा. भिंतीच्या मागे पसरलेल्या त्या पाण्यात कुठे गाळ साचला, कुठे बाभळीचे बुंधे आहेत आणि जाळे कुठे फाटेल, हे त्यांना अंधारातही कळते. पुराच्या दिवसांत हे पाणी गढूळ असते. दिवाळीनंतर, थंडी पडली की ते निवळते, आणि मग आडबाजूच्या उथळ पाण्यात वेलींच्या मुळांपर्यंत नजर जाते.

भाचा बहिणीचा एकुलता मुलगा. पुण्यात कंपनीत नोकरी. गळाचा नाद त्याला मित्रांमुळे लागला आणि त्यातही मरळीचा. मरळ हा मासा जसा खाणाऱ्यांचा आवडता, तसाच गळ टाकणाऱ्यांचा. हवेतला श्वास घेतल्याशिवाय तिला जगता येत नाही, म्हणून ती अधूनमधून वर येऊन घोट घेते आणि खाली जाते. पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते, त्यामुळे बाजारात ती घमेल्यात, थोड्याशा पाण्यात, जिवंत विकली जाते. दबा धरून बसणारी, ताकदीची आणि सावध. काठावर पायाचा आवाज झाला तरी ती जागा सोडते.

मामाच्या घरात भाच्याला मान होता. आपल्याकडे भाच्यावर हात उगारला तर मामाचे हात कापतात म्हणतात, आणि मामा-भाच्याने एका नावेत बसू नये असेही म्हणतात. मामा दोन्ही पाळत असे. पाण्यात उतरताना थर्माकोलचे दोन तराफे निघत, एकावर मामा, दुसऱ्यावर भाचा, आणि बोलणे होई ते पाण्यावरून, थोडे मोठ्याने.

आदल्या वर्षी पोळ्याच्या आगेमागे भाचा गावी आला होता, तेव्हा मच्छीमार संस्थेचे मत्स्यबीज यायचे होते. टेम्पोतून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या उतरल्या. खाली पाणी, वर भरलेला प्राणवायू, आत बोटाएवढे कटला, रोहू, मृगळ. भाचा उत्साहाने पिशवीची गाठ सोडायला पुढे झाला तर मामाने त्याचा हात धरला. पिशव्या बांधलेल्याच पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतले पाणी आणि धरणाचे पाणी सारखे गार झाल्यावर गाठी सुटल्या, धरणाचे थोडे थोडे पाणी आत घेतले, आणि मग बोटुकली आपली आपण बाहेर पडू लागली. ओतली कुणीच नाहीत. "घाई केली तर अर्धी इथीच उलटतात," मामा म्हणाला.

भाच्याने विचारले की दरवर्षी हा खर्च कशाला, इतके मोठे मासे धरणात आहेत, त्यांची पिल्ले होत नाहीत का? प्रश्न बरोबर होता. ही मासळी मूळची गंगेकडच्या नद्यांची. तिला अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते. साचलेल्या पाण्यात तिचे पोट अंड्यांनी भरते, पण अंडी घातली जात नाहीत. एके काळी जवळजवळ सगळा देश पुराच्या नद्यांमधून गाळून आणलेल्या बीजावर अवलंबून होता. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालून घेतली आणि हे चित्र पालटले. तो दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. खानदेशातल्या धरणांत आज जी कटला-रोहू दिसते तिच्यामागे ते इंजेक्शन आहे, बीज केंद्रातली माणसे आहेत आणि संस्थेच्या सभासदांनी भरलेले पैसे आहेत. मामाने हे सगळे त्याच्या पद्धतीने चार वाक्यांत सांगितले.

"आणि यात मरळीचं बी असतं का?" भाच्याने विचारले.

"मरळीचं बी आपली संस्था टाकत नाही, बापू. ती आपलं बी आपण राखते."

भाच्याने ऐकले आणि पुढच्या पिशवीकडे वळला.

त्या हिवाळ्यात त्याने मरळीमागे खूप पायपीट केली. मामाने त्याला पाणी वाचायला शिकवले. मरळ घोट घ्यायला जिथे वर आली, तिथेच ती पुन्हा येईल असे नाही, पण तिची ये-जा ठरलेली असते. म्हणून आधी नुसते बसायचे आणि पाहायचे. सावली पाण्यावर पाडायची नाही. बेडूक थेट तिच्या डोक्यावर टाकायचा नाही, पलीकडे टाकून वेलींवरून सावकाश आणायचा, मध्ये थांबवायचा. थांबवल्यावर हात शिवशिवतो, तो आवरायचा. रोज भाचा रिकामा परत येई आणि मामी काही न विचारता ताटात भरीत वाढी. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी, ऊन वर आल्यावर, एका मोकळ्या जागेच्या कडेला बेडूक दिसेनासा झाला. मरळ फार मोठी नव्हती, पण ती फसली नव्हती, तिने भुकेने झडप घातली होती आणि त्याने तिला कसबाने धरले होते. मामाने पाठीवर थाप दिली. गळाने मासा धरण्यात मला काही गैर दिसत नाही. त्या दिवसाचा आनंद खरा होता आणि कमावलेला होता.

मग आषाढ आला. कोथळीहून मुक्ताईची पालखी केव्हाच पंढरपूरला निघाली होती, पाऊस दोनदा चांगला झाला होता, केळीच्या बागांमधून पाणी वाहत होते. पावसाळ्याच्या त्या दिवसांत संस्था जाळी बंद ठेवी. मामाच्या ओट्यावर जाळी पसरलेली, तुटलेले आस विणायचे काम चाललेले. भाचा दोन दिवसांच्या सुट्टीवर आला तो रबराचा बेडूक खिशात घेऊनच. मामा तालुक्याला गेला होता. गळ म्हणजे जाळे नव्हे, असे मनाशी म्हणत भाचा एकटाच तराफा घेऊन निघाला.

मुख्य पात्र सोडून तो आत वळला. जुन्या नाल्याच्या तोंडाशी पाणी उथळ होते, पाणवेलींनी गाळ अडवल्यामुळे नितळही. तिथे त्याला तो लाल डाग दिसला. पाण्यावर कुणी शेंदूर सांडावा तसा, हात-दीड हात रुंद. डाग हलत होता. जवळ गेल्यावर कळले की ती पिल्ले आहेत, सुतासारखी बारीक, हजारोंनी, एकमेकांना धरून वर येणारी, पृष्ठभागावर बारीक ठिपके उठवून पुन्हा खाली जाणारी. आणि त्यांच्या खाली, वेलींच्या अंधारात, एक लांब काळसर पाठ स्थिर होती.

हिवाळ्यात जिला पाहायलासुद्धा तासन् तास बसावे लागले होते, ती मरळ आज समोर उभी होती आणि जात नव्हती. त्याची सावली पाण्यावर पडली, तरी जात नव्हती. तराफा वेलींना घासून आवाज झाला, तरी नाही. भाच्याने बेडूक टाकला. तो पिल्लांच्या घोळक्याशेजारी पडताच पाणी फुटले. पहिला दणका चुकला. त्याने पुन्हा टाकला. दुसराही चुकला. कोणतीही मरळ एवढ्यावर सावध होऊन निघून गेली असती. हिने तिसऱ्यांदा झडप घातली आणि आकडे बसले.

तिला तराफ्यावर घेताना त्याचे हात थरथरत होते. हातभराहून लांब, अंगाने भरलेली, आयुष्यात धरलेली सर्वांत मोठी मरळ. मासा तडफडत ठेवू नये हे तो मित्रांकडून शिकला होता, म्हणून त्याने डोक्यात एकच टोला घातला. फोटो काढले. घरी आला तेव्हा मामा ओट्यावर होता.

मामाने मासा पाहिला. तोंड उघडून आकडा कुठे बसला होता ते पाहिले. "कुठी?" त्याने विचारले. भाच्याने जागा सांगितली, आणि उत्साहात लाल पिल्लांचेही सांगितले. किती सोपी गेली, तीन वेळा आली, हेही सांगितले. मामा ऐकत राहिला. मासा त्याने मामीकडे दिला. "मारला तर वाया घालवू नको, कालवण कर." मग दोन्ही तराफे खांद्यावर घेतले. "चाल."

नाल्याच्या तोंडाशी लाल डाग अजून होता, पण पसरलेला. आता तो एक नव्हता, तुकडे झाले होते. भाचा पाहत असतानाच एका तुकड्याखालून दोन-तीन चिलाप्या वर आल्या आणि तुकडा दिसेनासा झाला. आफ्रिकेतून 1952 साली भारतात आणलेला हा मासा आता आपल्या बहुतेक धरणांत घर करून बसला आहे, आणि दुसऱ्याची पिल्ले त्याला वर्ज्य नाहीत. काठावर ढोकरी मान आखडून उभी होती. एक पाणकावळा बुडाला आणि बराच पुढे जाऊन वर आला.

"मरळ वेलींमधी जागा साफ करते," मामा आपल्या तराफ्यावरून म्हणाला. "तिथी अंडी तरंगतात. पिल्लं निघाली की नर-मादी दोघं राखतात. पिल्लं जातील तिथी जातात. जे जवळ येईल त्याच्यावर धावून जातात. तुझा बेडूक तिनं खायला नाही धरला, बापू. हाकलायला धरला."

भाच्याच्या तोंडून शब्द निघेना. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मामा, आता काय करायचं?"

मामाला रागावता आले असते. समोर दुसरा कुणी असता तर तो रागावलाही असता. त्याने तराफ्याखालचा बांबू काढून पाण्यावर सरकवला. "तिची जागा रिकामी केली ना? आता तू बस."

भाचा बसला. मला वाटते, तो सुरुवातीला केवळ शरमेने बसला. पण बसल्यावर काम दिसू लागले. पाणकावळा आला की बांबू पाण्यावर आपटायचा. पाणी हादरले की पिल्ले खाली जात आणि चार हातांवर दुसरीकडे वर येत; तिथे तराफा न्यावा तर त्याच्या सावलीने ती पुन्हा पांगत. ढोकरीला हाकलावे तर ती दहा पावलांवर जाऊन बसे आणि पाठ फिरली की परत येई. हे पाण्यावरचे झाले. पाण्याखाली काय चालले आहे हे त्याला दिसतच नव्हते. मध्येच लाल डागाचा एखादा कोपरा आत ओढल्यासारखा नाहीसा होई, तेवढेच कळे.

दुपारी त्याच्या पाण्यात सोडलेल्या टाचेला जोराचा दणका बसला. पाय वर घेतला तर कातडी खरवडलेली, रक्त येत होते. खाली काळसर पाठ वळताना दिसली. जोडीतली दुसरी मरळ. ती गेली नव्हती. तिच्या लेखी पिल्लांजवळ आलेला आणखी एक शत्रू तराफ्यावर बसला होता.

"हाये ना!" मामा आनंदाने ओरडला. "एकटी हाये, पण हाये. तू जरा लांब सरक. तिच्या कामात येऊ नको. वरचं तू पाय, खालचं ती पाहील."

संध्याकाळपर्यंत तसे चालले. पलीकडे चांगदेवाचे मंदिर पावसात धूसर दिसत होते. त्या योग्याची कथा खानदेशात घरोघरी माहीत आहे. वाघावर बसून तो ज्ञानेश्वरांच्या भेटीला गेला, भावंडे भिंतीवर बसून सामोरी आली, हा भाग मुले आवडीने ऐकतात. मला त्यातला पुढचा भाग जास्त भावतो: चौदाशे वर्षांची तपश्चर्या गाठीशी असलेला हा माणूस लहानग्या मुक्ताईपुढे शिष्य होऊन बसला. शिकवणारा कोण आहे, केवढा आहे, हे त्याने पाहिले नाही. पावसात भिजत बांबू धरून बसलेला, कंपनीत दहा माणसांना कामे सांगणारा भाचा तेव्हा एका माशाकडून शिकत होता, आणि त्यालाही त्यात कमीपणा वाटत नव्हता.

अंधार पडल्यावर मामीने माणूस पाठवला. ताटात कळण्याची भाकरी आणि मरळीचे कालवण होते. भाच्याचा हात पुढे जाईना. "खा," मामी म्हणाली. "अन्नावर रुसू नये. तिचा जीव गेला तो गेला, आता वरून टाकून नको देऊ." तो जेवला. मग त्याने विचारले, "मामा, रात्री पिल्लांचं काय?"

"रात्री ती असते."

"झोपत नाही?"

"ते तिला विचार. मी रात्री पाय सोडला तर मलेबी दणका बसला हाये."

भाच्याने कंपनीत फोन करून रजा वाढवून घेतली. कारण खरे सांगितले की नाही हे कुणी विचारले नाही.

रात्री वरच्या भागात जोराचा पाऊस झाला. धरणाचे दरवाजे उघडले आणि पहाटेपर्यंत फुगवटा उतरला. भाचा उजाडताच नाल्याच्या तोंडाशी गेला तर वेली चिखलात आडव्या पडल्या होत्या, कालच्या जागी घोटाभर पाणी, आणि लाल काहीच नाही. त्याने सगळा काठ पायाखाली घातला. सापडली नाहीत. तो येऊन मामाजवळ मटकन बसला.

मामाने पाण्याचा उतार पाहिला, नाला कुठे मिळतो ते पाहिले आणि तराफा काढला. दोन वळणे खाली, बुडालेल्या बांधाच्या आडोशाला, तो थांबला आणि नुसता हात वर केला. लाल डाग तिथे होता. कालच्या निम्माही नसेल, पण एकसंध. त्याच्या खाली ती होती. पाणी उतरायला लागल्याचे तिला माणसांच्या आधी कळले होते आणि काळोखात, वाहत्या पाण्यात, एकटीने ती सगळ्यांना घेऊन खोल पाण्याकडे निघून आली होती. बांबू घेऊन बसणाऱ्याला हे कधी जमले नसते. भाच्याने या वेळी तराफा जवळ नेलाच नाही. लांबूनच पाणकावळ्यांवर लक्ष ठेवत तो रजा संपेपर्यंत येत राहिला. जाताना त्याने विचारले, "हे किती दिवस चालतं?"

"पिल्लं लाल हायेत तोवर. मग ती काळी पडतात, पांगतात. एकदा का आपलं आपण दबा धरायला शिकली की मग त्यांना ती नको असते आणि तिलाबी ती नको असतात. मग खुशाल टाक तुझा बेडूक."

भाचा पुण्याला गेला. त्याने गळ टाकणे सोडले नाही, त्याने ते सोडावे असे मामालाही वाटत नव्हते. हिवाळ्यात तो आला, रिकाम्या हाताने बसला, एकदा पकडली, बाकी वेळा नाही.

पुढच्या आषाढात त्याच्याबरोबर दोन मित्र आले. गाडीभर सामान, तऱ्हेतऱ्हेचे गळ. दोघेही चांगली मुले. पैसे देऊन होडी करायची त्यांची तयारी होती, आणि मामाला त्या वर्षी पैशांची गरजही होती. मोठ्या मुलीचा कॉलेजचा प्रवेश व्हायचा होता. पाऊस लांबला होता, जाळी बंद होती. मित्रांपैकी एकाने मामाला बाजूला घेऊन सांगितले, "लाल पिल्लं कुठे आहेत तेवढं दाखवा. दर जागेला वेगळे पैसे देतो. त्यावर मरळ हमखास येते."

"येते," मामा म्हणाला. "हमखास येते, म्हणूनच दाखवत नाही."

पैसे त्याने हातात घेतलेच नाहीत. मुलीच्या प्रवेशासाठी पुढे त्याने संस्थेतून उचल घेतली आणि ती वर्षभर फेडली.

मित्र हुशार होता. त्याने डाग आपणच शोधला, दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि बेडूक काढला. भाच्याने तराफा मध्ये घातला.

"अरे, मारणार नाही," मित्र म्हणाला. "पकडायची, फोटो काढायचा, सोडून द्यायची. तिला काही होत नाही."

"किती वेळ लागेल?"

"दमवून वर घ्यायची, आकडे सोडवायचे, फोटो. पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत इथे काय होतं ते मी पाहिलंय," भाचा म्हणाला. आणि त्याने ते सगळे सांगितले, टाचेवरचा वण दाखवून. दुसरा मित्र मग बोलला. अमेरिकेत बास नावाच्या माशामागे लोक असेच वेडे असतात, त्याचा नरही घरट्यावर पहारा देतो, आणि तिथल्या काही भागांत विणीच्या दिवसांत बासची मासेमारी बंद असते, असे त्याने वाचले होते. धरून लगेच सोडला तरी तो परत येईपर्यंत दुसरे मासे घरटे लुटतात, हेही तिथे अभ्यासकांनी पाहिले आहे. "मला वाटायचं, हे तिकडचे नियम," तो म्हणाला. "इकडे असं काही असेल हे डोक्यातच आलं नाही."

पहिला मित्र गप्प झाला. बेडकाचे आकडे त्याने पाठीला दाबून बसवले आणि तो डबीत ठेवला. पण इतक्या लांब येऊन नुसते बसायचे हे त्याला पटेना, आणि ते रास्तच होते. "मग आम्ही करायचं काय?" त्याने विचारले.

मामा एवढा वेळ दुसऱ्या तराफ्यावर ऐकत होता. त्याने कमरेच्या फडक्यातून मळलेली कणीक काढली आणि अर्धी तोडून त्याच्याकडे फेकली.

"लहान गळ लावा अन् त्या बांधाच्या कडेला टाका. चिलापी हाये तिथी, ढिगानं. नेता येईल तेवढी न्या, कोणी अडवणार नाही. अन् गोळा मोठा लावू नको, तिचं तोंड बारीक असतं."